बीएस्सी बायोलॉजीनंतर न्यूरोसायन्स: अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

फॉर्म भरण्याआधी एक गोष्ट पक्की करा. स्वमग्न किंवा बौद्धिक दिव्यांग मुलांसोबत काम करायचंय, की मेंदूची घडण कुठे वेगळी होते ते प्रयोगशाळेत शोधायचंय? न्यूरोसायन्सची पीएचडी झाली तरी थेरपी देता येत नाही; त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेचा मान्यताप्राप्त कोर्स आणि नोंदणी लागते. स्पीच थेरपीच्या मास्टर्सला बीएस्सी चालत नाही, बीएएसएलपीच (वाचा आणि श्रवण उपचारांची पदवी) हवी. विशेष शिक्षणाच्या बीएडला मात्र ५० टक्के असलेले विज्ञान पदवीधर पात्र असतात.

संशोधनच करायचं असेल, तर बेंगळुरूच्या आयआयएससीतला (भारतीय विज्ञान संस्था) जैवविज्ञानाचा इंटिग्रेटेड पीएचडी हा आमच्या मते सगळ्यात सरळ रस्ता. वेगळी एमएस्सी करावी लागत नाही आणि सेंटर फॉर न्यूरोसायन्सच्या लॅबही याच शाखेत येतात. त्यासाठी जॅम ही राष्ट्रीय प्रवेश परीक्षा द्या, पेपर बायोटेक्नॉलॉजीचा. फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, परीक्षा फेब्रुवारीत. शेवटच्या वर्षाला असाल तरी बसता येतं, वयाची अट नाही.

तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. पहिल्या ३० बहुपर्यायी प्रश्नांना निगेटिव्ह मार्किंग आहे. एकाहून अधिक उत्तरं बरोबर असू शकतात अशा १० प्रश्नांना ते नाही, पण एक पर्याय जरी राहिला तरी शून्य. संख्यात्मक २० प्रश्नांनाही निगेटिव्ह नाही, त्यामुळे तिथे कोरं काही सोडू नका. बारावीचं गणित आणि भौतिकशास्त्रही येतं. बारावीला गणित न घेतलेले पीसीबीवाले गणितातच अडकतात.

जॅम पास झालात म्हणजे आयआयएससीत अर्ज झाला, असं नाही. संस्थेच्या पोर्टलवर वेगळा फॉर्म भरावा लागतो. निकालाची वाट बघत बसलात तर मुदत निघून जाते.

कागदपत्रांत महाराष्ट्रातल्या मुलांची सर्वाधिक धावपळ होते ती जात प्रमाणपत्रावरून. राज्याचं जात प्रमाणपत्र आणि वेगळं नॉन-क्रिमीलेअर इथे पुरत नाही. केंद्रीय नमुन्यातलं, चालू आर्थिक वर्षातलं ओबीसी-एनसीएल (ओबीसी नॉन-क्रिमीलेअर) लागतं, आणि तुमची जात केंद्राच्या यादीत असावी लागते. एसईबीसीचं (राज्याचा मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) प्रमाणपत्र केंद्रीय संस्थेत चालत नाही. निकषांत बसत असाल तर केंद्रीय नमुन्यातलं ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्र काढा. तहसीलला वेळ लागतो, म्हणून फॉर्म निघायच्या आधीच अर्ज टाका. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास प्रमाणपत्रावर लेखनिक मागता येतो, एक तास जादा मिळतो. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, असं असेल तर फॉर्ममधलं नाव ओळखपत्राशी तंतोतंत जुळवा.

मुलाखतीत ‘ऑटिझमवर उपाय शोधायचाय’ एवढ्यावर भागत नाही. फ्रॅजाइल एक्स हा बौद्धिक दिव्यांगत्व आणणारा आनुवंशिक विकार घ्या: एफएमआर१ जनुकात सीजीजी या तीन डीएनए-अक्षरांची पुनरावृत्ती २०० च्या वर गेली की जनुक बंद पडतं, एफएमआरपी प्रथिन बनत नाही, आणि सिनॅप्समधल्या (चेतापेशींच्या जोडांमधल्या) प्रथिननिर्मितीवरचा लगाम सुटतो. हे फळ्यावर काढून समजावता आलं पाहिजे. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टही कंट्रोल (तुलनेसाठीचा गट) काय ठेवला होता, का ठेवला, इथपर्यंत विचारतात.

टीआयएफआर मुंबई आणि बेंगळुरूचं एनसीबीएस या संशोधन संस्थांची परीक्षा डिसेंबरच्या सुमारास होते. अभ्यास बराचसा सारखाच, तेव्हा तोही फॉर्म भरून ठेवा.