मसल कारचे वाढते मोल

मसल कार : मध्यम आकाराच्या, दोन दारांच्या आणि मध्यमवर्गाला परवडणाऱ्या मोटारीत थोराड, आठ सिलिंडरांचे इंजिन बसवून तयार केलेली वेगवान अमेरिकन गाडी. १९६४ ते १९७४ हा तिचा काळ, त्यातही १९७०पर्यंतची वर्षे भरभराटीची. नवी असताना साधारण तीन ते चार हजार डॉलरना मिळणारी ही गाडी पुढे दहाएक वर्षे जुन्या बाजारात बेवारशासारखी पडून होती. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तिचे भाव चढू लागले आणि काही दुर्मीळ गाड्यांनी दहा लाख डॉलरची मर्यादा ओलांडली. दुर्मीळता, लिलावगृहे, गुंतवणूकदारांचा पैसा ही त्याची कारणे आहेतच. पण मुळाशी आहे ते एका पिढीचे स्मरणरंजन. प्रस्तुत नोंदीत गाडीच्या यंत्ररचनेपेक्षा या भाववाढीचा विचार केला आहे.

या प्रकाराची सुरुवात साधारणपणे १९६४च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून मानतात. पॉन्टिअॅक ही जनरल मोटर्स कंपनीची शाखा. जनरल मोटर्सने मध्यम गाड्यांत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन बसवायला मनाई केली होती. पॉन्टिअॅकचे मुख्य अभियंता जॉन डीलोरिअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून पळवाट काढली : ३८९ घन इंचांचे इंजिन त्यांनी स्वतंत्र गाडी म्हणून न आणता टेम्पेस्ट या साध्या गाडीवर जादा पैसे देऊन घ्यायची सोय म्हणून विकायला ठेवले. त्या वर्षी ३२,४५० ग्राहकांनी ही सोय घेतली आणि वरिष्ठांचा विरोध मावळला. त्याच वर्षी १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डने मस्टँग सादर केली. तिची मूळ किंमत २,३६८ डॉलर होती. मस्टँग आणि तिच्या स्पर्धेत उतरलेली शेव्हरोले कमारो यांना जाणकार ‘पोनी कार’ असा वेगळा वर्ग देतात, पण बाजारात हा भेद फारसा कुणी पाळत नाही. क्रायस्लरने १९६६मध्ये ४२६ घन इंचांचे, ४२५ अश्वशक्तीचे ‘हेमी’ नावाचे इंजिन रस्त्यावरच्या गाड्यांसाठी खुले केले. क्रायस्लरच्याच प्लिमथ शाखेची १९६८ची रोडरनर तर तरुणांच्या खिशाकडे पाहूनच बनवली होती : आत चैनीचे काही नाही, किंमत तीन हजार डॉलरच्या आत आणि भोंग्याला कार्टूनमधल्या पक्ष्याचा आवाज.

हे इतक्या तपशिलाने सांगायचे कारण असे की पुढच्या भाववाढीचे बीज इथे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली अमेरिकेची मोठी पिढी नेमकी याच वर्षांत सोळा-सतरा वर्षांची होत होती, आणि तिथे वयाच्या सोळाव्या वर्षी हाती येणारा गाडीचा परवाना म्हणजे घरातून मिळालेली पहिली मोकळीक. डेट्रॉइटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर शनिवारी रात्री एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत शर्यती लागत. अशी गाडी थोड्यांच्याच घरी असे. बाकीच्यांनी ती शेजाऱ्याच्या दारात, शोरूमच्या काचेआड किंवा मासिकाच्या पानावर पाहिली. माझ्या मते आजच्या किमतींत हातातून गेलेल्या गाडीच्या हळहळीइतकाच, किंबहुना थोडा अधिक, वाटा कधीच हाती न आलेल्या गाडीच्या ओढीचा आहे.

हा काळ झपाट्याने संपला. विमा कंपन्यांनी तरुण चालकांचे हप्ते इतके वाढवले की गाडी परवडली तरी विमा परवडेना. १९७०च्या स्वच्छ हवा कायद्याने धुरावर बंधने आणली. कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावीत म्हणून १९७१पासून इंजिनांचे कॉम्प्रेशन (सिलिंडरात इंधन-हवा दाबण्याचे प्रमाण, ज्यावर ताकद अवलंबून असते) उतरवले गेले. ऑक्टोबर १९७३मध्ये अरब देशांनी तेलबंदी पुकारली आणि पंपांवर रांगा लागल्या. १९७४मध्ये जीटीओ, प्लिमथ बॅराकुडा आणि डॉज चॅलेंजर तिन्ही बंद झाल्या. त्या वर्षीची मस्टँग व्ही-८ (आठ सिलिंडरांच्या) इंजिनाविनाच बाजारात आली. जुन्या गाड्या आता पेट्रोल पिणाऱ्या ओझ्यासारख्या झाल्या. कुणी त्या ड्रॅग शर्यतींत पिटाळून मोडल्या, कुणी हिवाळी रस्त्यांवरच्या मिठाने गंजू दिल्या. हजारो गाड्या भंगारात गेल्या. त्या वेळी उरलेल्या मोजक्या गाड्यांना आज भाव आहे.

भाव चढले ते या पिढीने चाळिशी-पन्नाशी गाठल्यावर. मुले मोठी झाली, घराचे कर्ज फिटत आले, हातात पैसा खेळू लागला. १९९५मध्ये वुडवर्ड अॅव्हेन्यूवरच जुन्या गाड्यांची वार्षिक फेरी सुरू झाली, ती आजही दर ऑगस्टमध्ये भरते. अॅरिझोनातील स्कॉट्सडेल येथील बॅरेट-जॅक्सनचा लिलाव दूरचित्रवाणीवर थेट दिसू लागला आणि आपल्या काकाने फुंकून टाकलेली गाडी आज केवढ्याला जाते हे घराघरांत कळले. फ्लॉरिडातील किसिमी येथील मीकमच्या लिलावात हजारो गाड्या एका वेळी विकायला येतात. विमा व्यवसायातील हॅगर्टी या कंपनीने गाडीच्या स्थितीनुसार भावपत्रके प्रसिद्ध करायला सुरुवात केल्यावर आठवणींना शेअर बाजारासारखे आकडे चिकटले. तिथून पुढे ज्यांना या गाड्यांची आठवण नाही, असेही गुंतवणूकदार बाजारात उतरले.

सर्वांत चढे भाव बहुधा त्या काळी न खपलेल्या गाड्यांना मिळतात. शर्यतीच्या नियमांसाठी बनवलेल्या १९७०च्या प्लिमथ सुपरबर्डला लांब चोच आणि पाठीवर उंच पंख होता. गिऱ्हाइके तिच्याकडे फिरकेनात, तेव्हा काही विक्रेत्यांनी चोच आणि पंख काढून ती साधी रोडरनर म्हणून खपवली. संपूर्ण अॅल्युमिनियमच्या ४२७ घन इंची इंजिनाच्या झेडएल-१ कमारो १९६९मध्ये फक्त ६९ बनल्या. सात हजारांहून अधिक डॉलरची ही गाडी साध्या कमारोच्या अडीच पटींहून महाग होती आणि विक्रेत्यांना काही गाड्या कंपनीकडे परत पाठवाव्या लागल्या. आता तिने लिलावात दहा लाख डॉलरही पाहिले आहेत. हेमी इंजिनाच्या प्लिमथ कुडाचे (बॅराकुडाच्या जोरकस प्रकाराचे) उघड्या टपाचे नमुने १९७०मध्ये १४ आणि १९७१मध्ये अवघे ११ निघाले. त्यांतला १९७१चा एक जून २०१४मध्ये सिएटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरना गेला. १९७०मध्ये हेच इंजिन घ्यायला ८७१ डॉलर जादा पडत.

स्मरणरंजनाची ताकद त्याहून स्पष्ट दिसते ती ‘बुलिट’ (१९६८) या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेल्या हिरव्या मस्टँगच्या विक्रीत. १९७४मध्ये एका कुटुंबाने ती सुमारे ६,००० डॉलरना घेतली, रोजच्या वापरात ठेवली आणि मॅक्वीनने स्वतः पत्र लिहून मागितली तरी दिली नाही. जानेवारी २०२०मध्ये किसिमीला ती शुल्कासह ३७ लाख ४० हजार डॉलरना विकली गेली, तीही उडालेल्या रंगासह आणि गंजासह. तशीच मस्टँग नव्याने बांधायला याच्या दशांशही खर्च येत नाही. खरेदीदाराने त्या पोच्यांचे आणि ओरखड्यांचे पैसे मोजले.

अर्थात आठवणीला भाव आला की खोटेपणाही येतो. साध्या सहा सिलिंडरांच्या गाडीवर पट्टे, बिल्ले आणि मोठे इंजिन चढवून ती महागड्या प्रकारची म्हणून विकणे हा या बाजाराचा जुना रोग आहे. म्हणून ‘मॅचिंग नंबर्स’, म्हणजे गाडीचा क्रमांक आणि इंजिनावर ठोकलेला क्रमांक जुळणे, ही पहिली कसोटी ठरली. सर्व कंपन्यांच्या बाबतीत ती सारखी उपयोगी पडत नाही. १९६६ ते १९७१च्या जीटीओचा क्रमांक २४२ने सुरू होतो, त्यामुळे टेम्पेस्टची जीटीओ करता येत नाही. शिवाय पॉन्टिअॅकच्या मूळ नोंदींच्या प्रती आजही मिळतात. शेव्हरोलेच्या १९७०च्या शेव्हेल एसएसच्या ४५० अश्वशक्तीच्या एलएस-६ प्रकाराबाबत मात्र गाडीचा क्रमांक काहीच सांगत नाही. तिथे कारखान्यातली जोडणीची चिठ्ठी हाच भरवशाचा पुरावा, आणि ती शोधायला लोक सीटच्या स्प्रिंगांखाली किंवा पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावर हात घालतात. असा एक जीर्ण कागद गाडीची किंमत दुप्पट करू शकतो. प्रतिकृती म्हणून उघड सांगून विकलेली गाडी मात्र काही कमी प्रतीची नव्हे, चालवायला ती तितकीच गोड असते.

ही चढण सरळ नाही. २००० ते २००७ या वर्षांत भाव भरमसाट फुगले आणि २००८च्या आर्थिक संकटात, विशेषतः हेमी गाड्यांचे, जोरात आपटले. कोविडच्या काळात घरी बसलेला पैसा आणि ऑनलाइन लिलाव यांमुळे २०२० ते २०२२मध्ये पुन्हा तेजी आली, पुढे ती ओसरली. शिवाय १९६८चे ३,००० डॉलर म्हणजे आजचे २५ हजारांहून अधिक डॉलर. साधी व्ही-८ मस्टँग आज चाळीस हजारांना गेली, तर पन्नास वर्षांची जागा, विमा, रंगकाम आणि दुरुस्ती वजा जाता मालकाच्या हाती नफा म्हणून फारसे काही राहत नाही. गुंतवणूक म्हणून जुनी गाडी घ्या, हा दलालांचा सल्ला म्हणूनच जपून ऐकावा. लाखो डॉलरची उदाहरणे मूठभर गाड्यांची आहेत.

ऑस्ट्रेलियातही असेच घडले. बॅथर्स्टच्या शर्यतीसाठी १९७१मध्ये बनवलेल्या ३०० फोर्ड फाल्कन जीटी-एचओ फेज थ्री गाड्यांपैकी काही दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढे विकल्या गेल्या. फोर्डने २०१६मध्ये आणि होल्डन या तिथल्या कंपनीने २०१७मध्ये तिथले कारखाने बंद केल्यावर तर तिथल्या प्रत्येक जुन्या व्ही-८ गाडीला गेलेल्या उद्योगाच्या आठवणीचे मोल चढले. भारतात मसल कार रस्त्यांवर जवळजवळ आलीच नाही. इथे हीच ओढ १९९६मध्ये बंद झालेल्या ९८ सीसीच्या यामाहा आरएक्स १०० मोटारसायकलीला लाभली असून महाराष्ट्रातही चांगल्या स्थितीतील गाडीला मूळ किमतीच्या कितीतरी पट पैसे मिळतात. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१मध्ये ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी आणली, पण तिचा लाभ या मोटारसायकलीला अजून बरीच वर्षे मिळणार नाही.

अमेरिकेत आता खरेदीदारांची पिढी बदलत आहे. १९४६नंतर जन्मलेले पहिले लोक ऐंशीच्या घरात पोहोचले आहेत आणि त्यांचे संग्रह विक्रीला निघत आहेत. १९३०च्या दशकातील अनेक साध्या गाड्यांची मागणी त्यांचे चाहते गेल्यावर ओसरली, तसेच मसल कारचे होईल असे काही जाणकार मानतात. सरसकट तसे होईल असे वाटत नाही. दुर्मीळ आणि कागदपत्रांसह असलेल्या गाड्यांना संग्रहालयातील वस्तूचे स्थान आले आहे, आणि १९६८-६९च्या मस्टँग-कमारोंवर आधुनिक इंजिन व ब्रेक बसवून त्या चालवणारे तरुणही पुष्कळ आहेत. मधल्या दर्जाच्या, ना दुर्मीळ ना सुस्थितीतल्या गाड्यांचे भाव मात्र टिकणे अवघड दिसते. १९७०-८०च्या दशकांत जन्मलेल्यांचा पैसा त्यांच्या स्वतःच्या पौगंडावस्थेकडे वळला आहे : १९७९ ते १९९३ची चौकोनी मस्टँग, जपानी टोयोटा सुप्रा, आणि ब्यूइक जीएनएक्स. शेवटची ही गाडी १९८७मध्ये केवळ ५४७ नग बनली, सहाच सिलिंडरांची असूनही टर्बोच्या जोरावर तिने त्या काळच्या व्ही-८ गाड्यांना मागे टाकले. नवी असताना सुमारे तीस हजार डॉलरची असलेली जीएनएक्स आज एक लाखाहून कितीतरी अधिक डॉलरना विकली जाते.