कीन्तान आणि बुरोइंजिन: फेकाफेकी सारखी, कस वेगळा

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचे हे दोन खेळ लांबून पाहिले तर एकच वाटतात. दोन संघ, एक चेंडू. तो आपल्या भिडूकडे फेकायचा, समोरच्यांना मिळू द्यायचा नाही. शाळेत खेळ घेणारेही कधीकधी एकाचे नियम दुसऱ्याला लावतात. तसं केलं की मुलांकडून जी हालचाल घडायला हवी, नेमकी तीच राहून जाते.

कीन्तान क्वीन्सलंड राज्याच्या वायव्य-मध्य भागातला. त्यात झेल घ्यायचा तो हवेतच, पाय जमिनीवरून सुटलेले असताना. मधेच चेंडू पळवू पाहणाऱ्यालाही उडी मारावीच लागते. ही उडी कांगारूसारखी दिसते म्हणून काल्काडून लोक या खेळाला 'कांगारूचा खेळ'ही म्हणत. कातड्याचा तुकडा दोऱ्याने बांधून चेंडू केलेला असे.

नवशिकं मूल चेंडू पाहून जागीच हात वर करतं. चार-दोन झेल सुटले की आपसूक गुडघे वाकवतं, हात मागून पुढे झोकतं आणि चेंडू डोक्यावर येण्याआधीच उडतं. उडीची ही वेळ साधणं सगळ्यात अवघड, आणि मला तरी खेळाचा खरा कस इथेच दिसतो. दोन्ही पायांवर, गुडघे सैल ठेवून उतरणंही सोबत शिकवावं. चेंडू मात्र डोक्याच्या वर फेकायला सांगा. छातीशी आला की कुणी उडतच नाही.

बुरोइंजिन दक्षिण क्वीन्सलंडच्या काबी काबी लोकांचा. कांगारूच्या कातड्याच्या ज्या चेंडूने तो खेळत, त्याचंच नाव बुरोइंजिन. शाळांत आज खेळला जातो त्या रूपात चेंडू घेऊन पळता येतं. समोरच्याने स्पर्श केला की तो लगेच पास करायचा. पलीकडची रेषा गाठली की गुण. इथे उडीचं काम नाही. हुलकावणी देणं, पळता पळता दिशा बदलणं आणि मोकळा भिडू हेरणं, यांवर भर.

ऑस्ट्रेलियन स्पोर्ट्स कमिशनच्या 'युलुंगा' या शंभराहून अधिक पारंपरिक खेळांच्या संग्रहात दोन्ही आहेत. सहा-सात वर्षांच्या मुलांना मी आधी कीन्तान देईन, तेही चौघा-पाचांच्या टोळीत, मऊ चेंडूने. बुरोइंजिनमध्ये पळणं, पाहणं आणि फेकणं एकाच वेळी करावं लागतं. लहानग्यांचा त्यात गोंधळ उडतो आणि चेंडू दोघा-तिघा चपळ मुलांकडेच फिरत राहतो. खेळ कुठलाही घ्या, तो कोणत्या लोकांचा आहे हे मुलांना आधी नावानिशी सांगा.