खणखणीत की बद्द? विरणाऱ्या आवाजाच्या मोजमापामागचा इतिहास

नाशिकच्या अंबडमधल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडरवर नवं चाक चढताना थोडं थांबून बघा. चाक कोरडं पुसलेलं असतं. कारागीर ते सळीवर अधांतरी लटकवतो आणि स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने हलकेच ठोकतो. उभ्या मध्यरेषेपासून ४५ अंशांवर, कडेपासून इंच-दोन इंच आत, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. चाक फिरवून पुन्हा तेच. खणखणीत वाजलं तर चढतं, बद्द वाजलं तर बाजूला जातं. रेझिन बॉण्डचं, म्हणजे राळेने सांधलेलं चाक चांगलं असूनही व्हिट्रिफाइडइतकं, म्हणजे भाजलेल्या काचेसारख्या बॉण्डच्या चाकाइतकं खणखणत नाही, हेही त्या कानाला ठाऊक असतं. आपल्या आज्या माठ घेताना हीच परीक्षा करायच्या.

त्या एका ठोक्यात दोन वेगळ्या गोष्टी ऐकू येतात. एक म्हणजे सूर. तो वस्तूच्या आकारावर, वजनावर आणि ताठपणावर ठरतो. दुसरी म्हणजे तो आवाज किती वेळ रेंगाळतो. प्रत्येक कंपनात पदार्थ थोडी ऊर्जा गिळतो आणि तिची उष्णता करतो. जितकी जास्त गिळेल तितका आवाज लवकर विरेल. तडा असेल तर त्याच्या दोन कडा एकमेकींवर घासतात आणि नाद तिथेच मरतो. पंचवटीत गोदाकाठी १७४७ च्या नारोशंकर मंदिरावर वसईच्या विजयाची खूण म्हणून पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. घंटेसाठी तांब्यात साधारण पाचवा हिस्सा कथील घालून कठीण मिश्रधातू करतात, कारण तो ऊर्जा फार कमी गिळतो आणि नाद लांबवर टिकतो.

सूर मोजणं जुनं आहे. विरणं मोजायला मात्र बराच काळ जावा लागला, आणि माझ्या मते पदार्थाच्या पोटातलं खरं गुपित विरण्यातच असतं. १७८४ मध्ये फ्रान्सच्या कूलाँने धातूच्या तारेला वजन टांगून तिला पीळ दिला आणि वजनाचे हेलकावे कमी होत जाताना पाहिले. हवेच्या विरोधाने त्याचा सगळा हिशेब लागेना. दोष तारेच्या स्वतःच्या अपूर्ण लवचिकतेत आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. धातूच्या आत घर्षण असतं, हा विचार तिथून पुढे आला.

मोजण्याची रीत १८३० च्या दशकात जर्मन गणितज्ञ गाउसच्या चुंबकसुईच्या प्रयोगांतून रुळली. एका हेलकाव्याला पुढच्या हेलकाव्याने भागायचं आणि भागाकाराचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यायचा, हा झाला लॉगॅरिदमिक डिक्रिमेंट. समजा, एखादी पट्टी सेकंदाला १००० वेळा कंप पावते आणि कंपनाची उंची एका सेकंदात निम्मी होते. मग तिचा डिक्रिमेंट सुमारे ०.०००७. तीच उंची २० कंपनांतच निम्मी झाली, तर तो ०.०३५ च्या घरात. कानाला जे 'बद्द' वाटतं, त्याला असा आकडा मिळाला.

१८६५ मध्ये विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन झालेल्या शास्त्रज्ञाने, त्यात एक विलक्षण भर घातली. एक तार दिवसेंदिवस हलती ठेवली आणि दुसरी प्रयोगापुरतीच हलवली. सतत हललेल्या तारेचे हेलकावे कितीतरी लवकर विरू लागले. तारही थकते, हे असं आकड्यांत दिसलं.

विसाव्या शतकात ही पद्धत थेट अणूंपर्यंत पोचली. १९४१ मध्ये नेदरलँड्सच्या स्नूकने लोखंडात विरघळलेल्या कार्बनचा छडा लावला. लोखंडाच्या अणूंमधल्या फटींत कार्बनचे अणू बसलेले असतात. धातू ताणला की काही फटी रुंदावतात आणि कार्बन तिकडे उडी मारतो, पण क्षणभर उशिरा. या उशिरातच ऊर्जा खर्च होते. सेकंदाला एक हेलकावा असेल तर साधारण ४० अंश सेल्सिअसला हे शोषण शिगेला पोचतं. त्या शिखराच्या उंचीवरून विरघळलेला कार्बन किती, हे कळतं, अगदी टक्क्याच्या हजाराव्या भागापर्यंत. नमुना कापायला नको, आम्लात बुडवायलाही नको! १९४७ मध्ये चिनी शास्त्रज्ञ गे तिंगसुई यांनी अमेरिकेत ॲल्युमिनियमच्या तारेला पिळाचे हेलकावे देऊन असंच एक शिखर ३०० अंशांच्या आसपास पकडलं. एकाच स्फटिकाच्या तारेत ते नव्हतं. साधा धातू मात्र अनेक बारीक स्फटिककणांचा बनलेला असतो; म्हणजे ऊर्जा या कणांच्या सीमांवर खर्ची पडत होती.

आज प्रयोगशाळेत ही चाचणी फार साधी दिसते. १०० मिमी लांबीची पट्टी दोन्ही टोकांपासून २२.४ मिमीवर टेकवतात. त्या जागा कंपनात स्थिर राहतात, म्हणून आधार नाद खात नाही. मधोमध हलका ठोका मारायचा आणि मायक्रोफोनने आवाज टिपायचा. सुरावरून यंग गुणांक, म्हणजे पदार्थाचा ताठपणा मिळतो, विरण्यावरून डॅम्पिंग, म्हणजे कंपन जिरवण्याची क्षमता.

पण लवकर विरणं म्हणजे दोषच, असं मात्र नाही. करड्या बिडाचा तुकडा ठोकला तर तो पोलादासारखा वाजत नाही, कारण आतल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांत कंपन जिरतं. लेथचा बेड याच बिडाचा ओततात, म्हणजे कापताना टूल थरथरत नाही. एसजी आयर्न या बिडाच्याच दुसऱ्या प्रकारात ग्राफाइटच्या गोळ्या असतात आणि ते बरंच जास्त वाजतं. म्हणून फाउंड्रीत थंड झालेल्या ओतकामावर हातोडी मारून आतल्या ग्राफाइटच्या नीट गोळ्या झाल्यात का, याचा पहिला अंदाज आजही कानानेच घेतात.