पार्श्वभूमी : इंग्रजीतून कुरआन ऐकण्याआधीची चौदा शतके

जगातल्या बहुसंख्य मुसलमानांची मातृभाषा अरबी नाही. नमाजात मात्र कुरआन अरबीतच वाचले जाते. त्यामुळे पिढ्यानपिढ्या असंख्य घरांत कुरआनाचा आवाज एकीकडून कानावर आला आणि अर्थ दुसरीकडून मिळवावा लागला. कधी उस्तादांकडून, कधी तफसीरीच्या, म्हणजे कुरआनाच्या भाष्याच्या, पानांतून, कधी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून.

आज इयरफोन लावून बसणाऱ्याला कुरआनातली एक आयत, म्हणजे एक वचन, अरबीत ऐकू येते आणि तिच्यामागोमाग तिचा इंग्रजी अनुवाद. काहीजण अरबी वगळून निव्वळ अनुवादच ऐकतात, रोज थोडा थोडा, मधे थांबून विचार करत. मग प्रश्न येतात. हे ऐकणे इबादत, म्हणजे उपासना, आहे की अभ्यास? याला तिलावत, म्हणजे कुरआनाचे पठण, म्हणावे का? अर्थ कळला नाही तरी मूळच ऐकलेले बरे का? हे प्रश्न इंटरनेटने आणलेले नाहीत. ते हजार वर्षांहून जुने आहेत, आणि त्यांचा इतिहास ठाऊक असला की आजच्या श्रोत्याची अडचण नीट कळते, असे मला वाटते.

कुरआन लोकांपर्यंत पोहोचले ते कानांवाटे. इ. स. ६१० ते ६३२ या सुमारे तेवीस वर्षांत ते थोडे थोडे अवतरत गेले, अशी मुसलमानांची श्रद्धा आहे. पैगंबरांच्या सोबत्यांनी ते ऐकले, पाठ केले, काहींनी चामड्यावर, हाडांवर, खजुराच्या झावळ्यांच्या देठांवर लिहून ठेवले. पैगंबरांच्या निधनानंतर झैद बिन साबित यांच्यावर संकलनाची जबाबदारी आली, आणि खलिफा उस्मान यांच्या काळात, ६५०च्या सुमारास, प्रमाण प्रती तयार होऊन शहरोशहरी गेल्या. पण लेखी प्रत आल्यावरही ती कशी वाचायची हे शिष्य गुरूच्या तोंडून ऐकूनच शिकत राहिला.

ऐकण्याचे मोल सांगणारी एक हदीस, म्हणजे पैगंबरांविषयीची परंपरेने आलेली आठवण, बुखारींच्या संग्रहात आहे. पैगंबरांनी अब्दुल्लाह बिन मसऊद यांना कुरआन वाचून दाखवायला सांगितले. ते संकोचले. जे तुमच्यावरच अवतरले ते मी तुम्हाला काय वाचून दाखवू? पैगंबर म्हणाले, मला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला आवडते. इब्न मसऊद निसा ही सूरह, म्हणजे कुरआनाचा अध्याय, वाचू लागले. प्रत्येक समाजातून एक साक्षीदार उभा केला जाईल आणि या लोकांवर तुम्हाला साक्षीदार म्हणून आणले जाईल, या अर्थाच्या एक्केचाळिसाव्या आयतीपाशी ते आले, तेव्हा पैगंबर म्हणाले, पुरे. इब्न मसऊदांनी वर पाहिले तर पैगंबरांचे डोळे वाहत होते. इथे ऐकणे आणि समजणे वेगळे काढताच येत नाही. अश्रू आले ते त्याच आयतीला आले.

कुरआनातही दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. सातव्या सूरहत म्हटले आहे की कुरआन वाचले जात असताना शांत राहून लक्षपूर्वक ऐका. सत्तेचाळिसाव्या सूरहत विचारले आहे की हे लोक कुरआनावर चिंतन करत नाहीत, की त्यांच्या हृदयांना कुलपे लागली आहेत? या चिंतनालाच तदब्बुर म्हणतात. मक्केतल्या अरबी माणसाला दोन्ही एकाच वेळी साधत होते. पेच पडला तो अरबस्तानाबाहेरच्या श्रोत्यापुढे.

असा एक श्रोता पैगंबरांच्या हयातीतच भेटतो. मक्केतल्या छळाला कंटाळून काही मुसलमान ६१५च्या सुमारास हबशात, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या प्रदेशात, आश्रयाला गेले. तिथल्या ख्रिस्ती राजाच्या, नज्जाशीच्या, दरबारात जाफर बिन अबी तालिब यांनी सूरह मरियमचा सुरुवातीचा भाग ऐकवला. ते ऐकून राजाची दाढी अश्रूंनी भिजली, असे पैगंबरांची चरित्रे सांगणारे सीरतग्रंथ सांगतात. अरबी ही त्याच्या राज्याची भाषा नव्हती. पण झकरिया, यह्या आणि मरियम यांची कथा त्याच्या धर्मातली होती, आणि ती त्याला भिडली.

इस्लाम इराणात पोहोचला आणि हा प्रश्न रोजच्या जगण्यात आला. सलमान फारसी यांनी आपल्या देशबांधवांसाठी कुरआनाची पहिली सूरह फातिहा फारसीत लिहून दिली, अशी नोंद अकराव्या शतकातले हनफी विद्वान सरखसी करतात. ज्यांच्या नावावरून हनफी हा पंथ ओळखला जातो त्या इमाम अबू हनीफा (मृत्यू ७६७) यांनी तर नमाजातही फारसीत वाचायला परवानगी दिली होती. त्यांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहंमद शैबानी यांनी ती मर्यादित केली. अरबी येतच नसेल त्यालाच ही सवलत, असे त्यांचे मत. पुढे इमामांनीही शिष्यांचे म्हणणे मान्य केले, असे हनफी परंपरा सांगते.

त्याच परंपरेच्या फिकहग्रंथांतली, म्हणजे धर्मशास्त्राच्या ग्रंथांतली, एक चर्चा मला विशेष मोलाची वाटते. काही आयती अशा आहेत की त्या वाचल्या किंवा ऐकल्या की सजदा, म्हणजे कपाळ जमिनीला टेकून नमन, करायचा असतो. अशी आयत कुणी फारसीत वाचली तर ऐकणाऱ्याने सजदा करायचा का? आणि त्याला अर्थ कळला असेल तरच, की कळला नसला तरीही? जुन्या फकीहांनी, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांनी, यावर मतभेद नोंदवले आहेत. म्हणजे अनुवाद ऐकणारा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर होता, आणि त्याच्या समजण्याला धर्मशास्त्रात किती वजन द्यायचे याचा ते गांभीर्याने विचार करत होते. दहाव्या शतकात बुखाऱ्याचा सामानी घराण्यातला अमीर मन्सूर बिन नूह याला तबरींची अरबी तफसीर समजायला अवघड गेली, तेव्हा त्याने आधी उलेमांना, म्हणजे धर्मपंडितांना, विचारले आणि मगच ती फारसीत करवून घेतली. उलेमांनी आधार दिला तो कुरआनाचाच: प्रत्येक पैगंबर आपल्या लोकांच्या भाषेत बोलणाराच पाठवला गेला.

तेव्हापासून एक रेघ बरीचशी पक्की झाली. नमाज अरबीत, समजून घेणे आपापल्या भाषेत. अनुवाद ओळींच्या मधे बारीक अक्षरांत लिहिला जाई, मूळ मजकूर वर ठळक. दिल्लीत शाह वलीउल्लाह यांनी अठराव्या शतकात फारसी अनुवाद केला आणि त्यांचे पुत्र शाह अब्दुल कादिर व शाह रफीउद्दीन यांनी उर्दू. त्यांच्यावरही टीका झाली, पण वाचक मिळत गेले.

इंग्रजीची वाट मात्र वेगळ्याच गावाहून येते. युरोपातला पहिला पूर्ण अनुवाद लॅटिनमध्ये ११४३ साली रॉबर्ट ऑफ केटन याने केला. फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाधिपतीने तो करवून घेतला, तो इस्लामचे खंडन करता यावे म्हणून. चारशे वर्षांनी, १५४३ मध्ये, तो बाझलला छापला गेला. इंग्रजीतला पहिला अनुवाद १६४९चा, तोही अरबीतून नव्हे तर फ्रेंचवरून. जॉर्ज सेल यांचा १७३४चा अनुवाद त्या मानाने अभ्यासपूर्ण होता. अमेरिकेच्या थॉमस जेफरसन यांनी विकत घेतलेली प्रत याच अनुवादाची. १८६१ मध्ये रॉडवेल यांनी सूरहंचा क्रमच बदलला आणि त्यांना वाटणाऱ्या कालक्रमाने मांडणी केली. हे सगळे वाद घालणाऱ्यांसाठी किंवा अभ्यासकांसाठी होते. ते कुणी ऐकावे, ऐकून अंतर्मुख व्हावे, हा विचार त्यामागे नव्हता.

चित्र पालटले ते विसाव्या शतकात, मुसलमान स्वतः इंग्रजी अनुवाद करू लागले तेव्हा. १९०५ मध्ये अब्दुल हकीम खान आणि १९१७ मध्ये लाहोरचे मुहंमद अली यांचे अनुवाद आले. मग आले मार्माड्यूक पिक्थॉल. इंग्रज कादंबरीकार, १९१७ मध्ये इस्लाम स्वीकारल्याचे जाहीर केलेले, १९२०च्या दशकात मुंबईत बॉम्बे क्रॉनिकलचे संपादक आणि नंतर हैदराबादेत निजामाच्या शिक्षणखात्यात. निजामाने त्यांना अनुवादासाठी भरपगारी रजा दिली. हस्तलिखित घेऊन ते १९२९ मध्ये कैरोला गेले, तेव्हा तिथल्या अल्-अझहर या धर्मविद्यापीठाच्या वर्तुळात अनुवादाला कडवा विरोध असल्याचे त्यांना दिसले. १९३० मध्ये पुस्तक निघाले ते कुरआनाचा ‘अर्थ’ अशा शीर्षकाने. प्रस्तावनेत पिक्थॉल यांनी स्पष्ट लिहिले की हे कुरआन नव्हे. मूळ रचनेचा नुसता नादच माणसाला रडवतो, भारून टाकतो, आणि तो इंग्रजीत येऊ शकत नाही, असे त्यांचे म्हणणे. अनुवादकाची ही कबुली मला फार प्रामाणिक वाटते.

कैरोतला विरोध हवेतून आलेला नव्हता. तुर्कस्तानात अनुवादाला मुळाच्या जागी बसवण्याची हालचाल सुरू होती. १९३२च्या रमजानमध्ये इस्तंबूलच्या मशिदींतून कुरआन तुर्कीत वाचले गेले. शब-ए-कद्रला, म्हणजे रमजानमधल्या पवित्र रात्री, आयासोफियातून झालेला कार्यक्रम रेडिओवरही प्रसारित झाला. अजानही तुर्कीत आली आणि १९५० पर्यंत तशीच राहिली. लोकांनी अनुवाद सामूहिकपणे ऐकण्याचा हा मोठा प्रसंग होता, पण तो सरकारी धोरण म्हणून आला. अनुवाद म्हणजे मूळ हिरावून घेण्याची तयारी, ही धास्ती तेव्हापासून अनेकांच्या मनात घट्ट बसली. अझहरमध्येच शेख मरागी यांनी अर्थाच्या अनुवादाची बाजू मांडली, आणि १९३६ मध्ये अझहरने अर्थाच्या अनुवादाला मान्यता दिली. भर ‘अर्थाच्या’ या शब्दावर होता.

याच सुमारास लाहोरमध्ये अब्दुल्लाह यूसुफ अली यांचा अनुवाद १९३४ पासून हप्त्याहप्त्याने छापला जात होता. मुंबई इलाख्यात बोहरा कुटुंबात जन्म, केंब्रिजमध्ये शिक्षण, आयसीएसमध्ये नोकरी असा त्यांचा प्रवास. त्यांच्या अनुवादाला सहा हजारांहून जास्त टिपा आहेत. १९५३ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले ते एकाकी अवस्थेत, आणि ब्रुकवुडच्या ज्या कबरस्तानात पिक्थॉल आहेत तिथेच त्यांचे दफन झाले.

कानाचा विचार करून केलेला अनुवाद म्हणून मी आर्थर आर्बेरी यांच्या १९५५च्या अनुवादाचे नाव आवर्जून घेईन. ते मुसलमान नव्हते. १९३०च्या दशकात ते कैरोत शिकवत होते. तिथल्या रमजानच्या रात्री गझीरातल्या आपल्या घराच्या व्हरांड्यात बसून, शेजाऱ्याकडे आलेल्या पांढऱ्या दाढीच्या वृद्ध शेखांचे कुरआनपठण आपण भान हरपून ऐकत असू, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्या लयीचा थोडा तरी अंश इंग्रजी ओळींत यावा ही त्यांची धडपड होती. हे काम आपल्याला वैयक्तिक दुःखाच्या काळात सावरून गेले, असेही ते सांगतात. पुस्तक छापील असले तरी त्याचा उगम ऐकण्यात आहे.

ध्वनिमुद्रणाचा इतिहास या सगळ्याला समांतर चालला. ३१ मे १९३४ रोजी इजिप्तचे सरकारी रेडिओ केंद्र सुरू झाले ते शेख मुहंमद रिफअत यांच्या पठणाने. १९६१ मध्ये शेख महमूद खलील अल्-हुसरी यांच्या आवाजात संपूर्ण कुरआनाचे मुरत्तल, म्हणजे संथ आणि स्पष्ट शैलीतले, मुद्रण पूर्ण झाले. मागचा हेतू शुद्ध पठणाचा नमुना कायम जपण्याचा होता. १९६४ मध्ये कैरोत फक्त कुरआनासाठी वेगळे रेडिओ केंद्र आले. मग कॅसेटी घरोघरी, टॅक्सीत, दुकानांत पोहोचल्या.

अनुवादाचा आवाज त्यात उशिरा मिसळला. अरबी पठणाला तज्वीदचे, म्हणजे शुद्ध उच्चाराचे, नियम आहेत, पिढीजात गुरुपरंपरा आहे. इंग्रजी वाचणाऱ्याला यातले काहीच नव्हते. रूढ झाली ती साधी पद्धत: सूर न लावता, वाद्य न वाजवता, शांतपणे वाचणे. तीन अमेरिकी नवमुस्लिम महिलांनी जेद्दामध्ये केलेला ‘सहीह इंटरनॅशनल’ हा अनुवाद १९९७ मध्ये आला. इब्राहिम वॉक यांच्या आवाजातले त्याचे वाचन आयतवार तुकडे करून अरबी कारींच्या, म्हणजे कुरआन पठण करणाऱ्यांच्या, पठणाला जोडले गेले. आज अनेकजण ऐकतात ते हेच. ओळींच्या मधे अर्थ लिहिण्याची जुनी रीत अशी कानावाटे परत आली, आणि अनुवाद मुळाची जागा घेईल ही भीतीही या मांडणीत बरीच ओसरते, कारण आधी आयत, मग अर्थ हा क्रम मोडत नाही.

तरी पानावर दिसणाऱ्या काही गोष्टी कानाला दिसत नाहीत. यूसुफ अलींच्या टिपा ध्वनिमुद्रणात गळून पडतात. त्याहून गंभीर बाब कंसांची. हिलाली आणि खान यांच्या अनुवादात स्पष्टीकरणे कंसात घालून आयतीतच गुंफलेली आहेत. सूरह फातिहाच्या शेवटच्या आयतीत त्यांनी यहुदी आणि ख्रिस्ती यांची नावे अशीच कंसात घातली. मूळ आयतीत कुणाचेही नाव नाही. वाचकाला कंस दिसतो. ऐकणाऱ्याला मात्र अनुवादकाचे शब्द कुरआनाचे म्हणूनच ऐकू येतात. कोणता अनुवाद ऐकतो आहोत हे माहीत असणे म्हणूनच अत्यावश्यक आहे.

काही गोष्टी उलट ऐकतानाच उमगतात. सूरह रहमानमध्ये ७८ आयती आहेत आणि त्यांत ‘मग तुम्ही दोघे आपल्या पालनकर्त्याच्या कोणकोणत्या देणग्या नाकाराल?’ ही आयत ३१ वेळा येते. छापील पानावर दहाव्यांदा ती दिसली की डोळा पुढे सरकतो. ऐकताना ती टाळता येत नाही. समुद्राचा उल्लेख आला, पुन्हा तोच प्रश्न. फळांचा आला, पुन्हा तोच. न्यायाच्या दिवसाचा आला, तरीही तोच, आणि आता त्याचा रोख बदललेला. फातिहामध्येही असेच. पहिल्या आयतींत ईश्वराविषयी बोलणे चालू असते, आणि अचानक ‘आम्ही तुझीच उपासना करतो’ असे त्याच्याशीच बोलणे सुरू होते. कानावर ते आले की आपण बोलणारे झालो हे ऐकणाऱ्याला कळते.

आजचे बहुतेक उलेमा अनुवाद ऐकण्याला तिलावत मानत नाहीत. ते तफसीर ऐकण्याच्या वर्गात मोडते, आणि तदब्बुरसाठी त्याला ते प्रोत्साहनच देतात. अनुवाद नमाजात चालणार नाही, यावर आता फारसे दुमत नाही. फारसीत ऐकलेल्या सजद्याच्या आयतीचा तो जुना प्रश्न मात्र आता ध्वनिमुद्रणाबाबत विचारला जातो, आणि त्याची उत्तरे आजही मजहबानुसार, म्हणजे धर्मशास्त्राच्या पंथानुसार, वेगवेगळी मिळतात.