लुडबुड की काम? ओट्यापाशी उभ्या मुलाची पार्श्वभूमी

विस्तव घराच्या मधोमध होता तोवर लहान मूल स्वयंपाकात असावं की नसावं, हा प्रश्न कुणाला पडायचं कारण नव्हतं. ते तिथेच असायचं. स्वयंपाकाला वेगळी खोली आणि उंच ओटा मिळाला, तेव्हा प्रश्न आला. १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी आखलेलं स्वयंपाकघर जेमतेम साडेसहा चौरस मीटरचं होतं, एकाच माणसाची पावलं वाचावीत असं बेतलेलं. मुलाचा विचार त्यात होता, पण तो बैठकीच्या खोलीकडच्या सरकत्या दारापुरता. मूल नजरेसमोर असावं, पायांत घोटाळू नये.

शिक्षणक्षेत्र त्याआधीच उलट दिशेने निघालं होतं. शिकागोत १८९६ साली सुरू झालेल्या एका प्रयोगशील शाळेत स्वयंपाक अभ्यासक्रमाचाच भाग होता. १९०७ मध्ये रोममध्ये निघालेल्या बालगृहातून फुटू शकणारी खरी भांडी मुलांच्या हाती देण्याची पद्धत रुजली. घरातून हुसकावलेलं काम शाळेत असं ‘उपक्रम’ होऊन बसलं.

खरा गुंता मात्र मुलांच्या कामाच्या मोजणीत झाला, आणि तो आजही सुटलेला नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या जागतिक हिशेबपद्धतीत घरासाठी पाणी भरणं आणि सरपण गोळा करणं हे उत्पादन धरतात. त्याच पाण्यात, त्याच सरपणावर घरच्यांसाठी रांधणं मात्र धरत नाहीत. बालमजुरीचे आकडे बराच काळ याच रेषेवर बेतले गेले. म्हणजे आठ वर्षांची मुलगी पाणी घेऊन येईपर्यंत हिशेबात, आणि ते पाणी चुलीवर ठेवलं की हिशेबाबाहेर!

२००८ मध्ये जिनिव्हात जमलेल्या संख्याशास्त्रज्ञांनी यावर तोडगा काढला, पण अर्धाच. तास फार असतील, साधनं धोक्याची किंवा ओझी जड असतील, जागा घातक असेल, तर बिनपगारी घरकामही बालमजुरीत मोजता येईल, असं ठरलं. मोजायचंच, असं मात्र ठरलं नाही. त्यामुळे घरकाम वगळून एक आणि धरून दुसरा, असे दोन आकडे शेजारी शेजारी नांदतात. जो तो आपल्याला सोयीचा उचलतो.

मग तासांचा वाद. किती तासांपुढचं घरकाम बालमजुरीत धरायचं, याची पाहणीत ५ ते १४ वयोगटासाठी आधी आठवड्याला २८ तासांची मर्यादा होती, पुढे ती २१ वर आली. म्हणजे रोजचे चार तास होते ते तीन झाले. मर्यादा हवीच, नाहीतर शाळा बुडते ते दिसणारच नाही. २०१६ च्या एका जागतिक अहवालानुसार याच वयाच्या मुली घरकामात मुलग्यांपेक्षा ४० टक्के जास्त वेळ घालवतात, तेव्हा ‘घरचंच तर काम आहे’ हा युक्तिवाद कुणाच्या अंगावर पडतो, ते उघड आहे. पण आईबापांच्या शेजारी उभं राहून केलेला एक तास आणि त्यांच्या जागी उभं राहून केलेला एक तास, हा फरक घड्याळाला कळत नाही. माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ इथे आहे, आणि प्रश्नावलीत नेमका हाच रकाना नाही.

पाचच्या आतली मुलं तर या गणतीत येतच नाहीत. त्यांच्याकडे मानसशास्त्राने पाहिलं. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात घरासारख्या मांडलेल्या खोलीत आईवडील रोजची कामं करू लागले, आणि दीड ते अडीच वर्षांची बहुतेक मुलं आपणहून त्यांत घुसली. काही पालकांनी मात्र सांगितलं, की घरी आम्ही ही कामं मूल झोपल्यावर उरकतो. (वाचणाऱ्यांपैकी अनेक जण इथे गालातल्या गालात हसतील.) २००८ च्या दुसऱ्या एका अभ्यासात मदतीबद्दल बक्षीस मिळालेली २० महिन्यांची मुलं नंतर कमी मदत करताना आढळली.

अलीकडे चर्चेचा रोख ताटाकडे वळला आहे. २०१४ मधल्या एका प्रयोगात ६ ते १० वयाची ४७ मुलं होती. पालकांसोबत जेवण बनवलेल्या मुलांनी, पालकांनी एकट्याने केलेलं जेवण मिळालेल्या मुलांपेक्षा भाज्या जास्त खाल्ल्या. तेव्हापासून मुलाला ओट्यापाशी बोलावण्याचे सल्ले बहुतेक आहाराच्या नावाने दिले जातात. कामाची वाटणी मुलगा-मुलगी पाहून होते का, हे त्या सल्ल्यांत क्वचितच विचारलेलं असतं.