पार्श्वभूमी : राखी वटवट्या, पुण्याच्या टेकड्या आणि पक्षिनिरीक्षणाची दोन शतके

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात महाराष्ट्रात पक्षी सप्ताह साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अली यांचा जन्मदिवस. या दोन तारखांमधले दिवस राज्य सरकारने २०२० साली पक्ष्यांसाठी ठरवून दिले. पुण्यात मात्र दुर्बीण गळ्यात अडकवून पहाटे वेताळ टेकडी चढणारी, पाषाण तलावाकाठी थांबणारी किंवा सिंहगडाच्या दरीत दबक्या पावलांनी फिरणारी माणसे वर्षभर दिसतात. ही सवय शहराला कशी लागली याचा माग घ्यायचा असेल, तर रोहित किंवा गरुड यांच्याऐवजी बंगल्याच्या कुंपणात राहणाऱ्या एका तेरा सेंटिमीटर लांबीच्या पक्ष्यापासून सुरुवात करणे मला अधिक योग्य वाटते. तो पक्षी म्हणजे राखी वटवट्या.

वर राखाडी, पोटाखाली बदामी आणि सतत वर उचललेली लांब शेपटी, असे त्याचे रूप आहे. झुडपातून झुडपात उडताना तो टिचक्या वाजवल्यासारखा तडतड आवाज करतो, आणि पावसाळ्यात पाने जोडून, शिवून घरटे करतो. ज्या बागेत चार दाट झुडपे शिल्लक आहेत, तिथे तो बहुधा असतोच. विज्ञानाच्या दप्तरात त्याची नोंद झाली ती याच दख्खनच्या भूमीवरून, १८३२ साली.

ती नोंद करणारे विल्यम हेन्री साइक्स हे मुंबई इलाख्याच्या लष्करातील अधिकारी होते. १८२४ मध्ये सरकारने त्यांची नेमणूक सांख्यिकी माहिती गोळा करण्यासाठी केली. पेशवाई संपून जेमतेम सहा वर्षे झाली होती आणि नव्या राज्यकर्त्यांना गावे, माणसे, पिके आणि जनावरे यांची मोजदाद हवी होती. ते पद १८२९ अखेर रद्द झाल्यावरही साइक्स यांनी १८३१ च्या जानेवारीपर्यंत काम स्वेच्छेने चालू ठेवले. या भटकंतीतून त्यांनी दख्खनच्या पक्ष्यांची जी यादी लंडनमध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात विज्ञानाला तोवर अपरिचित असलेले ५६ पक्षी होते. राखी वटवट्या आणि साधा वटवट्या त्यांपैकीच. ओढ्याकाठचा वंचक बगळाही त्यांपैकीच. माळावरच्या एका लहान चंडोलाला त्यांनी ‘देवा’ असे शास्त्रीय नाव दिले आणि हिवाळ्यात येणाऱ्या एका वटवट्याला ‘रामा’. त्या काळी पक्षी ओळखण्याचा मार्ग एकच होता : तो मारायचा, कातडे टिकवायचे आणि टेबलावर ठेवून मोजायचे. यामुळे नाव आणि माप मिळाले. पण पक्षी सकाळी काय करतो, पिल्लांना काय भरवतो, कुंपणाच्या कोणत्या फांदीवरून गातो, हे त्या पेटीत मावत नव्हते.

साइक्स यांच्या आधी या मुलखात कोणी पक्षी पाहत नव्हते, असा याचा अर्थ मुळीच नाही. लहान पक्ष्यांची मराठी नावे ऐकली की किती पिढ्यांनी त्यांच्याकडे डोळसपणे पाहिले असेल याची कल्पना येते. पाने शिवणारा शिंपी, पाण्याकाठी शेपटी आपटत राहणारा धोबी, शेपटीचा पंखा पसरून फांदीवर गिरकी घेणारा नाचण, टोळक्याने फिरणारे सातभाई, डोळ्याभोवती पांढरे कडे असलेला चष्मेवाला. प्रत्येक नाव हे एक पूर्ण निरीक्षण आहे, आणि त्यांतली बरीच नावे गावातल्या धंद्यांवरून आलेली आहेत. पुण्यात तर हे फार जवळून अनुभवता येते. कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर पडणाऱ्या हातोडीचा ठोका आणि वडापिंपळावरून येणारा तांबट पक्ष्याचा ‘टुक टुक’ हे दोन्ही आवाज एकाच कानांनी ऐकणाऱ्या माणसांना ते नाव कोणी समजावून सांगावे लागले नसेल. पावशा ‘पेरते व्हा’ म्हणतो असे शेतकऱ्याने ठरवले, तेव्हा त्याने पक्ष्याचा आवाज आपल्या कामाच्या वेळापत्रकात बसवला होता. हे ज्ञान लिहिले गेले नाही, म्हणून ते कमी खरे ठरत नाही. मात्र लिहिले न गेल्यामुळे त्यातले पुष्कळसे हरवले. वनखात्यातील दीर्घ नोकरीत आदिवासींकडून ऐकलेली पक्ष्यांची नावे चितमपल्ली यांनी आयुष्यभर टिपली आणि ‘पक्षिकोशा’त मराठी वाचकांच्या हाती दिली, हे त्यांचे ऋण या दृष्टीने फार मोठे आहे.

बंदूक बाजूला ठेवून नुसते पाहण्याची ओढ इंग्रजी लेखनात दिसू लागली ती एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांच्यासारख्यांमुळे. त्यांचा जन्म १८५१ चा, साताऱ्याचा. १८७० ते १८७६ या काळात ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवत, आणि पुढे ‘एहा’ या नावाने त्यांनी घराभोवतीच्या, बागेतल्या प्राणिपक्ष्यांवर लिहिले. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, त्यांत एटकेन होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीयही होते.

खरा पालट मात्र एका सुगरणीच्या वसाहतीने घडवला. १९३० च्या पावसाळ्यात सालिम अली अलिबागजवळच्या किहीमला होते. घराशेजारी सुगरण पक्ष्यांची घरटी लटकत होती, आणि त्यांनी तासन्‌तास केवळ पाहत राहून त्या पक्ष्यांच्या संसाराचा उलगडा केला. नर घरटे अर्धवट विणतो, माद्या येऊन पाहणी करतात, एखादीला पसंत पडले की ती तिथे राहते, मग नर ते पूर्ण करतो आणि लगोलग दुसरे घरटे विणायला घेतो. शेकडो वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर असलेली ही गोष्ट त्याआधी कोणी नीट समजावून सांगितली नव्हती. या कामाला बंदूक लागली नाही, दूरचे अरण्यही लागले नाही. लागला तो वेळ आणि धीर. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र इंग्रजी पुस्तक आले आणि सामान्य वाचकाला आपल्या खिडकीबाहेरचा पक्षी चित्रावरून ओळखता येऊ लागला.

पुण्यातल्या पुढच्या पिढीने या पाहण्याला आणखी एक वळण दिले. पुण्यात जन्मलेले माधव गाडगीळ यांनी सालिम अलींच्या सोबतीने पक्ष्यांच्या सामूहिक रातथाऱ्यांवर, म्हणजे रात्री एकत्र विसावण्याच्या जागांवर, शोधनिबंध लिहिला. प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये पुण्यात इकॉलॉजिकल सोसायटी स्थापन केली. प्रदूषित नदीवरील पक्ष्यांविषयी त्यांनी १९८४ मध्ये लिहिले, तेव्हा पक्षी हा सौंदर्याचा विषय न राहता शहराच्या प्रकृतीचा निदर्शक झाला. डॉ. सतीश पांडे आणि इला फाउंडेशन यांनी पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी येथे २०१८ मध्ये घुबडांचा उत्सव भरवला. पिंगळ्याकडे अपशकुन म्हणून पाहणाऱ्या समाजात मुलांनी त्याची चित्रे काढावीत, हा बदल मला कोणत्याही कायद्याइतकाच मोलाचा वाटतो.

यानंतर मोबाइल आला. कॉर्नेल विद्यापीठाच्या ‘ई-बर्ड’ या मंचावर भारतातील हौशी निरीक्षक आपल्या याद्या नोंदवू लागले, आणि आज टेकडीवरून उतरतानाच सकाळची यादी पाठवून देणारे अनेक जण आहेत. २०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या अहवालाला सुमारे ३० हजार निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींचा आधार होता, आणि त्यात ९४२ जातींचा आढावा घेतला गेला. यात बिबट्याच्या किंवा वाघाच्या गणनेसारखा थरार नाही. रोज त्याच वाटेने जाऊन तेच बुलबुल, तेच शिंजीर, तेच वटवटे मोजणाऱ्या माणसांच्या चिकाटीचे ते फळ आहे. पहिल्या काही महिन्यांत नवा पक्षी दिसण्याचा आनंद असतो. पुढे ओळखीचा पक्षी न दिसल्याची चुटपुट लागू लागते, आणि माणूस त्या जागेशी बांधला जातो तो या दुसऱ्या टप्प्यात, असे माझे मत आहे. सप्टेंबर संपत आला तरी धोबी आला नाही, तर मन अस्वस्थ होते. मध्य आशियातून आलेला ‘रामा’ बाभळीत वाजला की तो पोहोचला हे कळते, आणि त्या दिवशी टेकडीचा संबंध हजारो किलोमीटर दूरच्या झुडपांशी जोडला जातो.

याच अहवालात राखी वटवट्याविषयी एक महत्त्वाची नोंद आहे. कोकिळा, मोर आणि पारवा यांच्याबरोबर तो चांगली वाढ दाखवणाऱ्या जातींत आहे, म्हणजे माणसाच्या सहवासाशी जुळवून घेणाऱ्यांत. उलट मोकळ्या गवताळ अधिवासात राहणाऱ्या पक्ष्यांची संख्या घटत आहे. साइक्स यांनी नाव दिलेले हे दोघे, वटवट्या आणि ‘देवा’ चंडोल, जवळजवळ दोनशे वर्षांनंतर अशा दोन वेगळ्या वाटांवर उभे आहेत. चंडोलाला झाडे नकोत; त्याला सासवड, जेजुरीकडचा मुरमाड माळ आणि विरळ गवत हवे. आपण तो माळ ओसाड समजतो. सरकारी कागदांत तो पडीक ठरतो आणि त्यावर एक तर भूखंड पडतात किंवा सद्‌हेतूने रोपे लावली जातात. पुण्याच्या टेकड्यांवरही गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) या झाडाची लागवड करताना झुडपी माळाच्या पक्ष्यांचा विचार कोणी केला नव्हता. झाड लावणे म्हणजे निसर्ग राखणे, हे समीकरण मनात इतके घट्ट आहे की ते चुकीचे असू शकते हे माळावर पहाटे उभे राहिल्याशिवाय पटत नाही.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला दिवेघाट चढून वर गेले आणि वस्तीपासून थोडे दूर थांबले, तर तो चंडोल अजून भेटू शकतो. मातीच्या रंगाचा, डोक्यावर टोकदार तुरा असलेला तो पक्षी जमिनीवरून उठतो, गात गात वर जातो, आणि नजर त्याच्यामागे आकाशात गेली की खाली कुंपणासाठी पुरलेले नवे सिमेंटचे खांब काही क्षण दिसत नाहीत. तो पुन्हा उतरतो तो त्याच खांबांच्या मधल्या गवतात.