पाऊणपट तिथी ते पितळी चाकं: भरतीच्या कोष्टकामागचं गणित

पावसाळा तोंडावर आला की मुंबई महापालिका मोठ्या भरतीचे दिवस जाहीर करते. साडेचार मीटरच्या वर पाणी चढणारे दिवस, त्यांच्या वेळा, आणि उंची थेट सेंटिमीटरपर्यंत. दुसऱ्या दिवशी कुठेतरी मथळा हमखास येतो: ‘४.८ मीटर उंचीच्या लाटा उसळणार’. तो आकडा लाटेचा नसतोच. बंदराच्या नकाशासाठी जी शून्य पातळी धरलेली असते, तिथून पाणी किती चढेल हे तो सांगतो. मुंबईत समुद्राची सरासरी पातळीच त्या शून्याच्या अडीच मीटर वर आहे. लाटा असल्या तर त्याच्याही वर, वेगळ्या. दर वर्षी हे सांगावं लागतं, आणि दर वर्षी मथळा तोच असतो.

पण कित्येक महिने आधी मिनिटं आणि सेंटिमीटर सांगता येतात कसे? ही वाट फलनांतून, म्हणजे फंक्शन्समधून जाते, आणि तिचं पहिलं टोक कोकणातच सापडतं. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ आली. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी. जंजिऱ्याला किंवा कुलाब्याच्या किल्ल्यावर जाणारे आजही हे बोटांवर मोजतात.

शाळेतल्या गणितात हे रेषीय फलन आहे. आडव्या अक्षावर तिथी, उभ्या अक्षावर वेळ, आणि रेषेचा चढ पाऊण. आता या पाऊणचा उगम बघू. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत तीस तिथी, आणि तेवढ्यात भरतीची वेळ घड्याळात पूर्ण चोवीस तास सरकते. म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. पाऊण तास ४५ मिनिटांचा, म्हणजे दर तिथीला तीन मिनिटांची सूट. पंधराव्या तिथीपर्यंत ही सूट पाऊण तासावर जाते, आणि प्रतिपदेला मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली की फिटते. म्हणून आलेख एका सरळ रेषेचा नाही, पक्षागणिक नव्याने सुरू होणाऱ्या तुकड्यांचा आहे. तोंडी करता येईल असा हिशेब हवा होता, त्यासाठी एवढी चूक परवडली. हा मला फार हुशारीचा सौदा वाटतो.

या सूत्रातून वेळ कळते, उंची कळत नाही. उंचीसाठी कोकणाकडे दोन शब्द होते, उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमारास भांगाची. आकडा मात्र नव्हता.

चंद्र-सूर्याच्या ओढीने पाणी हलतं हे न्यूटनने १६८७ मध्ये मांडलं. तरी त्यातून एखाद्या बंदराची भरती काढता येईना, कारण किनाऱ्याचा आकार, तळाचा उतार, खाडीचं तोंड हे सगळं आड येतं. फ्रेंच गणिती लाप्लासच्या १७७०च्या दशकातल्या कामातून मार्ग दिसला. किनारा पाणी किती चढवेल आणि किती उशीर करेल हे आधी सांगता येत नाही. पण ओढ ज्या ठेक्याने येते, त्याच ठेक्याने पाणीही हलतं. म्हणजे आवर्तकाल आकाशातून मिळतात, उरतात फक्त दोन गोष्टी, उंची आणि उशीर. त्या बंदरातच मोजायच्या.

ठेक्याने वरखाली होणाऱ्या गोष्टीचं फलन म्हणजे साइन. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये ३४३८ त्रिज्येच्या वर्तुळासाठी ज्येच्या, म्हणजे वर्तुळातल्या रेषाखंडाच्या रूपातल्या साइनच्या, २४ किमतींची मांडणी दिली, ती ग्रहगणितासाठी. पुढे स्विस गणिती ऑयलरने १७४८च्या ग्रंथात साइनला वर्तुळातल्या रेषाखंडापासून सोडवून संख्येचं फलन म्हणून वापरलं, आणि मग ती कुठल्याही आंदोलनाला लावता येऊ लागली. १८३०च्या दशकात इंग्लंडमध्ये आपोआप नोंद करणारी भरतीमापकं आली. विहिरीत तरंगता गोळा, वर घड्याळाने फिरणारा कागदाचा दंडगोल, मध्ये पेन्सिल. समुद्र स्वतःचा आलेख स्वतःच काढू लागला.

१८६७ पासून विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी त्या वेड्यावाकड्या आलेखातून साइन वक्र सुटे करायची पद्धत बसवली. मुंबईपुरतं बघू. चंद्राच्या मुख्य वक्राचा आवर्तकाल १२ तास २५ मिनिटं, आणि तो पाणी सरासरीच्या वर-खाली सुमारे सव्वा मीटर नेतो. सूर्याचा बरोबर १२ तासांचा, अर्ध्या मीटरहून थोडा कमी. दोन्ही शिखरं एकत्र आली की पावणेदोन मीटर, एकमेकांविरुद्ध गेली की जेमतेम पाऊण. हेच उधाण आणि भांग. चंद्राचा वक्र दर फेरीत २५ मिनिटं मागे पडतो. अशी पूर्ण एक फेरी मागे पडायला साधारण ३५४ तास लागतात, म्हणजे पावणेपंधरा दिवस. एका उधाणापासून दुसऱ्यापर्यंत किती दिवस, ते कोळ्यांना आधीच ठाऊक होतं. आता ते बेरजेतून निघालं. दिवसातून एकदाच येणारे वक्र यात मिळवले की दोन भरत्या सारख्या का नसतात तेही कळतं. पावसाळ्यात मुंबईची मोठी भरती दुपारकडे येते आणि हिवाळ्यात रात्रीकडे, ती यामुळेच.

पण दहा-वीस वक्रांची तासातासाची बेरीज वर्षभरासाठी करायची कुणी? केल्विनने १८७२च्या सुमारास त्यासाठी यंत्रच बनवलं. प्रत्येक वक्रासाठी एक कप्पी, आपल्या आवर्तकालाने वर-खाली होणारी. सगळ्या कप्प्यांवरून एकच तार, आणि तारेच्या टोकाला पेन. कप्प्या हलल्या की तारेचं टोक त्यांच्या हालचालींची बेरीज दाखवतं. एका बंदराचा वर्षाचा आलेख सुमारे चार तासांत निघे. १८७९ मध्ये एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या आराखड्यावरून वीस वक्रांचं यंत्र लंडनमध्ये तयार झालं, ते खास हिंदुस्थानातल्या बंदरांसाठी. इकडे सर्व्हे ऑफ इंडियाचे बेअर्ड यांनी कच्छच्या आखातापासून भरतीमापकं बसवायला घेतली होती. मुंबईच्या अपोलो बंदरावरच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. या साऱ्यामागे व्यापार होताच, पण जमिनीची उंची मोजायला समुद्राची सरासरी पातळी हवी ही सर्वेक्षणाची गरज त्याआधीची.

यंत्राने काढलेला वक्र मापकाच्या वक्रातून वजा केला की जे उरतं, ते चंद्र-सूर्याचं नसतं. ऑगस्ट १८८३ मध्ये इंडोनेशियातला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला तेव्हा हिंदुस्थानच्या मापकांवर अशा नको तिथल्या लहरी उमटल्या, आणि बेअर्ड यांनी त्यांचा अहवाल रॉयल सोसायटीकडे पाठवला. २६ जुलै २००५ची भरती कोष्टकात आधीपासून छापलेली होती. सांताक्रूझला चोवीस तासांत पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस कुठल्याच आवर्तकालात बसत नव्हता. आज बेरीज संगणक करतो आणि वक्रांची संख्या वाढली आहे. बेरजेतलं पहिलं पद, म्हणजे सरासरी पातळी, स्थिरांक म्हणून धरलं जातं. अपोलो बंदराच्या शंभराहून अधिक वर्षांच्या नोंदी बघितल्या तर तेही हळूहळू चढत आलं आहे. त्या दीर्घ काळाची सरासरी वर्षाला एक मिलिमीटरच्या आतच भरते, तरी कोष्टक करणाऱ्यांना ते पद अधूनमधून नव्याने मोजावं लागतं.